कमोडोर कोणाची?

अगं, ह्यांची बंद पडलेली जुनी कमोडोर गाडी सुरू होईपर्यंत गोड खाणार नाही, असं मी देवीला बोलले होते. आठ महिने नेम पाळला. गाडी सुरू झाली, तशी हौसेने ब्लॅकटाउनच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेली. तर एक गोरे आजोबा ह्यांना विचारतात, "मेट, कोणाची गाडी सांभाळतोयस?"

हे आपले नुसते हसले! माझा असा संताप झाला. म्हटलं, "आमचीच आहे. व्ही-एट इंजिन, इथल्याच कारखान्यात बनलेली. कारखाना बंद झाला, तुम्ही लोकांनी अशा गाड्या भंगारात घातल्या. ही आम्ही वाचवली."

आजोबा वरमले. "सॉरी, लव्ह. माझीही मी भंगारातच दिली. हिचा आवाज ऐकवाल?"

तुलाही कोणी असं विचारलं ना, तर हसून सोडू नकोस हं. ठणकावून सांग, आमचीच आहे म्हणून.