मोटरवरची जागा

नाही, तो आवाज नव्या मोटरचा नाही, साहेब. नवी ही. हात ठेवून बघा — गार आहे ना? तेच तर. तुमच्या वीज कंपनीच्या पत्रकात होतं, उष्णता वाया जात नाही म्हणून. ते वाचूनच मी सासऱ्यांना म्हटलं, घेऊया. लग्नाला पाच आठवडे झाले होते माझ्या, काहीतरी शहाणं बोलावं असं वाटलं. बसा, कॉफी घ्या. पुलापलीकडून आलात ना? बुटांवरून कळलं. असल्या बुटांत आमच्या इथला जानेवारी निघत नाही.

तर विजेचा खर्च कमी का झाला नाही? सांगते. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही — इथे मी धरून अकरा माणसं आईस्क्रीमच्या काड्या करतात, आणि अकरांच्या अकरा पास्ट्या असतात, मांस-बटाटा भरलेल्या, मोठ्या करंजीसारख्या. सकाळी जुन्या मोटरच्या पाठीवर ठेवायच्या, बाराला खायच्या. गाईएवढी मोटर, तापायचीही तशीच. चव्वेचाळीस वर्षं हेच. प्रत्येकाची जागा ठरलेली, पास्टीच्या कोपऱ्यावर पिठाचं अक्षर. मधली, सगळ्यात गरम जागा हिल्माबाईंची — इथल्या सगळ्यात जुन्या कामगार त्या. माझे सासरे, रेइनो — मालक असून त्यांच्या शेजारी. मी आले तेव्हा माझी पास्टी तीन आठवडे खिडकीत. कोणी काही म्हणालं नाही, आमच्यात म्हणतच नाहीत. मग एक दिवस हिल्माबाईंनी आपली पास्टी चार बोटं सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठेव." चर्चमध्ये नुसत्या सह्या झाल्या होत्या, साहेब. लग्न त्या दिवशी लागलं.

आणि पुढच्या दोन आठवड्यांत ती मोटर मीच काढायला लावली.

आठ दिवस सगळ्यांनी गार खाल्लं. चावण्याचा आवाज तेवढा. माझा नवरा आर्वो, तोसुद्धा माझ्याकडे पाठ करून चावायचा. मायक्रोवेव्ह? आणला की. एका वेळी दोन मावतात — मग आधी कोणाच्या? शिवाय हिल्माबाई म्हणाल्या, त्यातली पास्टी ओल्या मोज्यासारखी लागते. नवव्या दिवशी त्यांनी आपली गार पास्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि चालत्या झाल्या. सासरे म्हणाले, "सून हुशार आहे हो आमची. वीज वाचवते." मग मी उठले, मागच्या शेडमध्ये गेले आणि —

नाही, केलं काही नाही. म्हणजे जुनी तिथेच पडली होती. नवीवर सवलत हवी तर जुनी मोडून भंगारात द्यायची ही तुमची अट, आणि दिली म्हणून फॉर्मवर सही — ती माझीच. मी फक्त वायरी जोडल्या. पण नुसती फिरली तर कोमट होते हो, तापायला तिला काम लागतं. म्हणून काड्या निवडायचा जुना पट्टा जोडला. रिकामा पट्टा फिरताना बघवेना, म्हणून त्यावर काड्या टाकल्या. दोनशे. नोव्हेंबरपासून त्याच फिरताहेत. हिल्माबाई जाता-येता सवयीनं वाकडी दिसली की उचलून टाकतात. आता एकशे बारा राहिल्यात. परवा सासऱ्यांनी मला विचारलं, शेडमधलं उत्पादन का घटलं म्हणून.

हो, नव्या मोटरनं वाचवलेलं सगळं जुनी खाते. वर थोडं आणखी — तुमच्या कागदावर आहेच ते. लिहा ना. लिहायलाच आलात. ती भंगारात गेली की माझी जागा गेली, एवढंच. खिडकी आहे.

भोंगा झाला, बारा वाजले. चला, मागच्या शेडमध्ये, आता तिथेच येतील सगळे. हिल्माबाई, हे वीज कंपनीचे — हो, तेच.

साहेब, आज मोटरवर बारा पास्ट्या दिसताहेत. सकाळी तुमची गाडी बघितली असणार त्यांनी. घ्या, ही तुमची. कोपऱ्यावर अक्षर नाही, नाव कुठे माहीत होतं. पंख्याकडची जागा मिळाली, तिथे जरा कमी तापते. तरी पहिल्याच दिवशी. मी तीन आठवडे खिडकीत होते.

ते पेन ठेवा खाली, तेलकट होईल. खा. आणि जाताना दार ओढून घ्या — ऊब जाते.