डंकनसाहेबांच्या पणजीचे मासे

अरे, सौदीत जुबैलच्या आमच्या प्लांटवर डंकनसाहेब आहेत, स्कॉटलंडच्या एका खेड्यातले. मी रत्नागिरीचा म्हटल्यावर एकदम म्हणाले, "सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या गावापाशी जहाज फुटलं. तुमच्या बाजूचे मुसलमान खलाशी त्यातून वाचले. माझ्या पणजीने त्यांना घरी आणलं. मटण हलाल नाही म्हणून कुणी हात लावेना, मग तिने मासे उकडून दिले. गावात अजून सांगतात."

मला गलबलून आलं. कोण कुठली बाई, आमच्या माणसांना जेवू घालते! शुक्रवारी साहेबांना कॅम्पवर नेऊन बांगड्याचं झणझणीत तिखलं वाढलं.

डोळे पुसत साहेब म्हणाले, "पणजीचे मासे त्यांना किती अळणी लागले असतील!"

म्हटलं, "साहेब, त्या दिवशी त्याहून गोड घास जगात नव्हता."