माळाला मीच पडीक म्हटलं

काकी, सरपंचकाका, रिहे गावातल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

तात्यांच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलंत. रविवारी माझा राज्यसेवेचा पेपर आहे, पर्यावरण त्यातच येतं. सोपानतात्यांना जाऊन चार दिवस झाले, आणि चार दिवसांत मी पुस्तकाचं एक पान उलटलेलं नाही. उघडते, मिटते. परत उघडते.

तुम्ही तात्यांना मेंढरांमागं बघितलंत. माझे ते गुरुजी होते. आमच्या घरात भाडेकरूंची गडबड, म्हणून दोन वर्षं रोज सकाळी मी पुस्तक घेऊन त्यांच्या कळपामागं माळावर जायची. पहिल्याच दिवशी मी मोठ्यानं घोकत होते, अति चराईमुळं गवताळ माळ नष्ट होतात. तात्या थांबले.

"कोन नष्ट करतंय? आमी व्हय?"

मी म्हटलं, "पुस्तकात आहे, तात्या."

"मग त्या पुस्तकाला आन हिकडं. दावतो त्याला."

आणि दाखवलं हो! गवतांत पवना कुठला, मारवेल कुठलं, कुसळी कुठं माजते. माळाच्या खालच्या आणि वरच्या टप्प्याच्या मध्ये चुना लावलेले दगड मांडलेले होते, आठवतात ना? ते तात्यांचे. "ह्या दगडाच्या पल्याड दसऱ्यापतुर कळप घालायचा न्हाई. बी झडाया पायजे. चंडोल पाखराची पिल्लं बी हायेत तितं." त्यांच्या बापानं तेच केलं, आज्यानंही तेच. मी वहीत सगळं लिहून घेतलं.

आता जे सांगायचंय ते सांगते. सरपंचकाका, राग आला तर माझ्यावरच काढा.

मागच्या वर्षी क्लासमध्ये सरावाचा निबंध होता, पडीक जमिनीवर झाडं लावण्याबद्दल. मी आपल्याच माळाचं उदाहरण दिलं. पडीक, उजाड, चराईनं संपलेला माळ, असं लिहिलं. हे सगळं शिकून झाल्यावर लिहिलं! का? तसं लिहिलं की मार्क पडतात म्हणून. पडलेही. बाबांनी कौतुकानं तो निबंध सरपंचकाकांना दिला, आणि काकांनी चांगल्या मनानं तो माळावर झाडं लावायच्या पंचायतीच्या प्रस्तावाला जोडला. पोरगी एवढी शिकलेली, तिनं लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं तुम्हा सगळ्यांना वाटलं.

खालच्या टप्प्याला कुंपण पडलं. गवत खणून निघालं, ओळीनं रोपं लागली. चुना लावलेले ते दगड कुंपणाच्या पायात गेले. तात्यांनी अर्धी मेंढरं विकली.

नंतर एकदा मला म्हणाले, "पोरी, तुज्या पेपरात आपल्या माळाचा प्रश्न आला तर काय लिवशील गं?" मी काय सांगितलं असेल? "पेपर झाला की बघू, तात्या." एवढंच. ते हसले आणि मेंढरांकडं वळले. निबंध माझा होता हे त्यांना माहीत होतं का? काकी, घरी तुमच्याजवळ तात्या काही बोलले होते का? नको, आत्ता नका सांगू. मला ऐकवणार नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कुंपणानं माणूस मरत नाही, एवढं मलाही कळतं. पण मी त्यांना हे तोंडानं सांगायला हवं होतं. आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत रोज त्यांच्यामागं चालले, आणि सांगितलं नाही. लाज वाटते मला.

परवा ग्रामसभा आहे. वरच्या टप्प्यालाही कुंपण घालायचा ठराव येणार आहे. कागद तोच, माझा. मी तिथं उभी राहणार आहे. हे मी लिहिलं, आणि हे खोटं आहे, असं सांगणार आहे. तात्यांनी सांगितलेलं लिहून घेतलेली ती वही वाचून दाखवणार आहे. सकाळी बाबा म्हणाले, "आधी पेपर दे, मग काय ते बोल." बाबा, तात्यांनाही मी हेच सांगितलं होतं.

बास. आता सगळे उभे राहूया. तात्यांसाठी दोन मिनिटं गप्प राहूया.

तात्या, दोनच मिनिटं. वर्षभर मी गप्पच होते.