कडप्प्यावरची नवकंकरी

हा चौकोन नाही, उत्कर्षा. पापड आहे. डावी बाजू उंच, उजवी बसकी — मला या स्टुलावरून दिसतंय, तुला खुर्चीत बसून दिसत नाही? माझा सगळा जन्म या थेरगावात चाकं सरळ करण्यात गेला, आधी सायकलींची, मग स्कूटरची. चाक केसभर आऊट असलं तरी या डोळ्यातून सुटायचं नाही, गिऱ्हाइकं म्हणायची, युनूसचाचाचा डोळा म्हणजे ओळंबा. काय दाखवतेस? ते आकडे? रुंदी अकरा इंच — बरं. उंची? तीही अकरा? असं कसं? — मग तुझा हा कॉम्प्युटरचा पडदा वाकडा बसलाय. त्याच्या खाली काय सारलंयस, लग्नपत्रिकांचे पुठ्ठे? तेच म्हणतोय मी मघापासून. चौकोन बरोबर आहे, टेबल आऊट आहे. यात हसण्यासारखं काय झालं?

पण काढलास कसा एवढा नेमका? परत दाखव. एक बटण दाबून धरून ओढलं की चारी बाजू सारख्या — अच्छा. आणि ओढायचंही नसेल तर नुसता आकडा लिहायचा, तो आपोआप तेवढा होतो. म्हणजे हात थरथरला तरी चालतो. चांगलं आहे बुवा. आता त्याच्या आत दुसरा काढ, सात इंची, आणि त्याच्या आत तिसरा, तीन इंची. — मधोमध गं! असा कोपऱ्यात काय टाकलास, खुंटाला बांधलेल्या शेळीसारखा? — हां, गेला मध्ये. गेला कसा? सगळे निवडले, एकावर टिचकी मारली आणि मध्यावर मध्य? तू मोजलंस कधी? — तो मोजतो. बरं. मोजू दे त्याला, तू बस आरामात. पैसे मात्र तूच घेणार ना?

नवकंकरी म्हणतात याला. माहीत नाही? कसं माहीत असणार, तुमची पिढी मोबाइलवर फुगे फोडण्यात गेली. सोपं आहे. एकात एक तीन चौकोन, आणि चारी बाजूंच्या मध्यातून बाहेरून आत एकेक रेघ — आतल्या चौकोनाच्या पोटात शिरायचं नाही, त्याच्या दारात थांबायचं. माझे नऊ, समोरच्याचे नऊ. तीन एका रेघेत लागले की दुसऱ्याचा एक खायचा, दोनच उरले की तो हरला. झालं. मी नट घेऊन खेळायचो, गॅरेजमधले, आणि दत्तोबा वॉशर, त्याच्या चाकणच्या कंपनीतले — ते त्यानं कसे आणले ते विचारू नकोस, रिटायर झाला तो. दत्तोबा म्हणजे कोण? शेजारी. नुसता शेजारी. माझ्या गॅरेजसमोर कडप्प्याचा ओटा होता, त्यावर मी स्वतः छिन्नीनं पट कोरला होता. कंपनीची बस चौकात सोडायची, तिथून हा सरळ ओट्यावर, घर समोर दिसतंय तरी आधी ओट्यावर. त्याची बायको रुक्मिणीबाई वरच्या खिडकीतून ओरडायची, भाकरी गार झाली, आता युनूसभाईकडंच जेवा! — आणि जेवायचाही, लाज नाही त्याला. ती बिचारी गेली. मग तर काय, ओरडणारं कोणी नाही, हा दिवस मावळला तरी उठायचा नाही.

पुढं मुलानं रावेतला फ्लॅट घेतला. घेतला तर घेतला, आनंद आहे, लिफ्ट आहे, पाणी आहे. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही डाव मांडला. शेवटचा डाव असं काही कोणी म्हणालं नव्हतं, रोजचाच मांडला. माझे तीन नट उरलेले, त्याचे पाच वॉशर. त्यानं एक वॉशर कोपऱ्यात सरकवला आणि म्हणतो, लागले तीन, उचल तुझा नट. कुठं लागले? तर तिरपे! तिन्ही चौकोनांचे कोपरे धरून. अगं तिथं रेघच नाही! तिथं कडप्प्याला तडा गेलाय, त्या एकाच कोपऱ्यात, बाहेरून आतपर्यंत. मी म्हटलं, दत्तोबा, मी कोरली ती रेघ, दगड आपोआप फुटला ती रेघ नव्हे. तर म्हणतो कसा, तू कोरलेल्या तरी कुठं सरळ आहेत? आधी सरळ पट आण, मग मला नियम शिकव. मला म्हणतो! माझ्या ओट्यावर बसून! नऊच्या नऊ वॉशर खिशात घातले आणि गेला. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, सामान चढलं. मी शटरच्या आत होतो. काम होतं मला. — नाही, निरोप घ्यायला नाही आला. मीही नाही गेलो, सांगितलं ना काम होतं. म्हणून हा पट. शब्द त्याचाच आहे, सरळ पट आण. आता आणतो, मग बघू कुठं पळतो. बसावंच लागेल त्याला.

ती मधली रेघ लागली नाही बघ. — लागलीय? मोठं करून दाखव. अजून मोठं. अजून कर, घाबरतेस कशाला. — ही काय! ही फट! केवढी मोठी, बैल जाईल यातून. दुरून चिकटलेली दिसते आणि जवळ गेलं की ही तऱ्हा. आता कळलं तुमच्या पत्रिकांच्या चौकटी कोपऱ्यात उघड्या का असतात, कोणी जवळ जाऊन बघतच नाही. — हां, आता कशी पटकन जाऊन चिकटली? लोहचुंबक लावल्यासारखी. असं ते चिकटायचं बटण चालू ठेवायचं असतं होय? मग ठेवायचं पोरी. आणि रेघा मिळतात तिथले हे टिपके गोल कर, अंडी नकोत. आता बरे. चल, एक चूक माझी, एक तुझी, फिटलं.

आता हा कागद घे. हळू उलगड, पेन्सिल आहे, हाताला लागेल. रस्ता रुंद करताना ओटा काढला, त्याच्या आदल्या दिवशी मी बँकेच्या कॅलेंडरचं पान पालथं टाकून पेन्सिलीनं घासून जुना पट उतरवून घेतला. रेघा पांढऱ्या आल्यात, दगड काळा. ओटा? तो उचलताना फुटला, गेला ट्रॅक्टरमध्ये. हा कागद त्या मशिनीत घाल आणि तुझे चौकोन याच्यावर ठेव. मिळतात की नाही बघ. मिळणारच, गुण्या लावून कोरला होता मी, आलतूफालतू काम नाही. दत्तोबाला दाखवायचंय ते, की बघ बाबा, मशीन काय म्हणतंय. — हे असं काय दिसतंय? तू कागद तिरका घातलास. फिरव थोडा. जास्त झालं, मागं घे. ही बाजू मिळाली, बघ! — मग ती का सुटली? इकडं मिळवलं की तिकडं सुटतंय. वर अकरा. खाली? साडेदहा? आणि आतला चौकोन एका अंगाला झुकलेला, हे तर मलाही दिसतंय. हं.

हसून घे. पोट धरून हस. मीच केलं होतं ना पापड-पापड. — ओळंबा म्हणू नकोस आता, चहाच्या वेळेपर्यंत तरी म्हणू नकोस. त्या दिवशी कडप्पा हलत असणार, किंवा छिन्नीला धार नसणार. इतकी वर्षं त्यावर खेळलो, दत्तोबा म्हणायचा वाकडा आहे, मी म्हणायचो तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू. त्याला मोतीबिंदू निघाला हे खरं, पण तो नंतर. हे बाहेर सांगायचं नाही.

ते? ते काही नाही. पुसून टाक. — हो, तोच तडा. तोच कोपरा. काढायचा नाहीये तो, सोडून दे. काय म्हणतेस? इतर रेघांसारखाच रुंद आलाय? तडा कुठं रुंद असतो, केसासारखा असतो. मोठं करून दाखव. — कडा गुळगुळीत आहेत, खरंय. झिजला असेल. आपोआप? आपोआप कसा झिजेल कडप्पा, तुला काय दगडाचं कळतं! वॉशर सरकवून सरकवून झिजला. — नुसते वॉशर कशाला... नटही. कधीमधी. माझा डाव अडला की. आता अडल्यावर माणूस जिथं वाट दिसेल तिथून सरकणारच ना. तो काही बोलायचा नाही, नट द्यायचा... म्हणजे वॉशर द्यायचा उचलून. ते वेगळं! रोजच्या डावात आणि त्या संध्याकाळच्या डावात फरक आहे. काय फरक? — तू टायपिंग कर गं. वकील व्हायचं होतंस तू.

तो त्या दिवशी जिंकला असता तर नुसता जिंकून गेला असता, कळलं का? डाव संपवून, कपडे झटकून. मी म्हणणार होतो, डाव नाही संपला. बस. एवढंच म्हणायचं होतं मला, आणि बोललो भलतंच.

चारी कोपऱ्यांत तिरप्या रेघा? दिसेल छान, सारखं दिसेल, तुझ्या मशिनीला आवडेल. पण तो दुसरा खेळ झाला. तसाही खेळतात काही लोक, आम्ही नाही खेळलो. — ऐक, विजयश्री भेटली होती मागच्या बाजारी, डांगे चौकात. दत्तोबाची सून, चांगली पोर आहे, मेथी निवडून घेत होती. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, काका, बाबांना काहीतरी सांगा, खाली बागेत उतरत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. गॅलरीत फरशीवर खडूनं चौकोन काढतात आणि दोन्हीकडून एकटेच खेळतात. मी फरशी पुसते, ते परत काढतात. आणि म्हणाली, बाबांना आता नीट आठवतही नाही बहुतेक, कारण रेघ एकाच कोपऱ्यात काढतात, बाकीचे तीन कोपरे विसरतात. — मी काय सांगणार? मी म्हटलं, मेथी चांगली आहे, घे.

तिथूनच रिक्षा केली मी, रावेतला. हो, गेलो होतो. गेटवर पोरगा बसलेला, टेबल घेऊन, म्हणतो कोणाकडं जायचंय, काम काय? कोणाकडं ते सांगितलं. काम काय, ते काय सांगू? माणसाकडं जायला काम लागतं का? लागत असेल तिकडं. वर बघितलं, गॅलऱ्या नुसत्या, एकीवर एक, कुठली त्याची काय कळणार. आलो परत. भाडं दोन्हीकडचं गेलं.

त्याला म्हणावं, मला... जाऊ दे. ती रेघ काढ. तीच. त्या एका कोपऱ्यात, बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत. बाकीचे तीन मोकळे ठेव. — तड्यासारखी वाकडी काय काढतेस? कागदावरून गिरवायची नाहीये. सरळ काढ, बाकीच्यांइतकीच जाड, कोपऱ्याला कोपरा चिकटव. मोठं करून दाखव. फट नाही ना? नाही. चांगली आहे. — हो गं, कळतंय मला. आता ती रेघ झाली. म्हणजे तो डाव त्याचा झाला, तेवढं मला कळतं, तू बोटं मोजून सांगायची गरज नाही. झाला तर झाला. त्याला काय मोठं राज्य मिळालं, एक डाव मिळाला. नियम आजपासून पक्का, आता मीही त्या रेघेवरून त्याला धुणार आहे, बघशील तू. म्हातारा रडेल.

जाड कागदावर काढ, वरून प्लॅस्टिक चढव, विजयश्री गॅलरीतली फरशी पुसत असते, ओला होईल. आणि लहान करून छापू नकोस हां, पानात बसवते म्हणून. अकरा म्हणजे अकरा, मी पट्टी आणलीय, मोजून घेणार. खाली? खाली काय लिहायचं? नवकंकरी लिहून काय करू, त्याला दिसत नाही का काय आहे ते. शुभेच्छुक? मी काय नगरसेवक आहे? फोटो तर मुळीच नको.

थांब. लिही. बारीक अक्षरात, खालच्या कडेला. एकीकडं दत्तोबा. त्याच्यापुढं एक. दुसरीकडं युनूस. त्याच्यापुढं काही नको, रिकामी जागा ठेव — शून्यही नको, म्हटलं ना काही नको. भरपूर ठेव जागा. दोघांच्या पुढं ठेव.

आता गेटवरच्या पोरानं काम विचारलं तर हे पुढं करीन. हिशेब पूर्ण करायचाय म्हणावं, वरच्या माणसाशी, बाकी आहे. — विजयश्रीला फोन कशाला? कोणाला काही कळवायचं नाही. जाऊन उभा राहणार. तू कशाला येतेस सोबत, दुकान कोण बघणार? माझा रस्ता मला माहीत आहे.

वाचून काय दाखवतेस? ही दोन नावं मला वाचता येतात. बरोबर आहेत. छाप. आणि आता एक शब्द बोलू नकोस.