गाडीला नवी बॅटरी कळेपर्यंत

— अहो, पण चालू झाली ना ती? मग झालं की! डिकी लावा, मी निघते. काय राहिलं अजून? नोंद? कसली नोंद? बॅटरी बसली, दिवे लागले, घुर्र केलं तिनं, आणि तुम्ही परत बंद केलीत? दादा, सकाळपासून या मेलेल्या गाडीपाशी उभी आहे मी. डिकीसुद्धा उघडेना — बॅटरी डिकीत आणि डिकी चालणार बॅटरीवर, असं कुणी बनवतं का हो? तुम्ही मेकॅनिक म्हणून आलात आणि मला देव भेटल्यासारखं झालं. आणि आता म्हणता थांबा.

हं... म्हणजे गाडीला सांगावं लागतं, जुनी गेली, नवी आली. नाहीतर ती नवीलाही जुनीसारखंच दामटणार, आणि नवी बिचारी अकाली संपणार. कळलं. पण आज तर नाही ना संपत? मग उद्या सांगू की गाडीला! कुठं पळून चाललीय? ...हमी नाही देत म्हणता. तो लाल दिवाही जात नाहीये. रस्त्यात काही झालं तर तुमच्याकडे बोट दाखवायचं नाही. — नको नको, रस्त्यात बंद पडून चालणार नाही. जाताना पडली तर एक वेळ पडू दे. येताना नको. लावा ते नोंदीचं मशीन. लावा लवकर.

बहिणीकडे चाललेय. बरं नाहीये तिला. — मागचं सीट ना? मीच पाडलंय. सामान आणायचंय. कपडे, पुस्तकं, तिचं शिवणयंत्र — नाही, बहिणीचं नाही, मुलीचं. बहिणीकडे म्हणाले का मी? तोंडाला येईल ते बोलतेय बघा. मुलीकडे चाललेय. आणायला.

किती वेळ नुसतं गोल गोल फिरतंय हे? संपर्क तुटला? मग परत जोडा की हो! तुमच्यावर कशाला ओरडतेय मी. माफ करा.

सकाळी फोन आला तिचा, शेजारणीच्या फोनवरून. तिचा फोन तिच्याकडे नसतो — नवरा घेऊन जातो कामावर. "आई, सगळे बाहेर गेलेत, दुपारपर्यंत नाही यायचे, तू ये." एवढंच. मी म्हटलं, काय झालं गं? तर म्हणाली, "आई, विचारू नकोस, ये." आणि मी चावी घेऊन धावत खाली आले, तर ही बया मेलेली! टॅक्सी? अहो, केली होती, मग नको म्हटलं. टॅक्सीवाला दारात हॉर्न वाजवत बसणार, सगळी गल्ली खिडकीत येणार. आणि तिला बाहेर काढायला किती वेळ लागेल, कोण आडवं येईल, मला तरी कुठं ठाऊक?

ह्यांना नाही सांगितलेलं. हे म्हणतात, नवं घर आहे, रुळायला वेळ लागतो. मीही तेच म्हणत होते. पण मागे ती आली, तेव्हा बोलताना सारखा तोंडापुढे हात. मी म्हटलं, दात दुखतोय का गं? हो म्हणाली. पुढचा दात, दादा! पुढचा दात कुणाचा असा दुखतो? तिनं हात काढला आणि तिथं दातच — जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे. तुम्ही मशीनकडे बघा.

थांबा, फोन. तिचाच नंबर आहे! म्हणजे फोन मिळाला तिला — नाही. नाही हो. म्हणजे तो घरी आलाय.

हॅलो? हो गं, बोल. ...हं. ...हं. मजेत आहेस. बरं. ...नाही, नाही येत मी. कशाला येऊ? गाडीच बंद पडलीय, सांग सगळ्यांना. ठेव हं. जप स्वतःला.

"अहो आई" म्हणाली मला. ऐकलंत? "अहो आई" सासूला म्हणते ती. मला जन्मात अहो केलं नाही तिनं. ए आई, अगं आई, चिडली की नुसतंच ए! कुणीतरी शेजारी उभं राहून बोलवून घेतलं हो तिच्याकडून. की तिनंच मला कळावं म्हणून —

पोलीस? काय सांगू त्यांना? मुलगी आत्ताच फोनवर मजेत आहे म्हणाली, हे सांगू?

हा आवाज कसला? झाली? घेतली गाडीनं नवी बॅटरी? बघू — गेला लाल दिवा. गेला! काढा ती वायर. आटपा.

काय म्हणालात? तुम्ही सोबत येता?

...दादा, तुम्ही म्हणालात हेच खूप झालं. वाटतंय, बसा म्हणावं. खूप वाटतंय. पण नको. दारात परका पुरुष दिसला की ते तिच्याकडेच बोट दाखवतील, हा कोण म्हणून. तेवढंच हवंय त्यांना. — एक कराल? पाण्याच्या टाकीपलीकडची पिवळी इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. अंधार पडायच्या आत मला फोन लावा. मी नाही उचलला, तर मात्र पोलिसांना हा पत्ता सांगा. मी आत्ता जे बोलले ते सगळं सांगा, काही सोडू नका.

आता व्हा बाजूला. व्हा ना हो बाजूला!