रॅप्ट म्हणजे रपाटा नव्हे

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या शाळेचे मुख्याध्यापक अमृत सर, व्यासपीठावरच्या सरपंच सरूबाई, आजच्या सत्कारमूर्ती अनिसा मॅडम आणि समोर बसलेल्या पिंपरी पेंढारच्या मंडळींनो, सर्वांना जय भीम, सलाम आणि नमस्कार. बसायला खुर्ची मिळाली की माणूस कशाला आलो ते विसरतो, म्हणून आठवण देते. आज मॅडमचा निरोप आहे. जेवण नंतर आहे.

हे भाषण माझं, द्रौपदाचं. मला अक्षर येत नाही. मी सांगितलं, नात प्रज्ञाने लिहिलं, आणि वाचतेयही तीच. तिने एखादं वाक्य गाळलं तर मला कळेल, मी पहिल्याच रांगेत आहे.

मॅडमनी शाळा सुटल्यावर इंग्रजीचा वर्ग सुरू केला, तेव्हाची गोष्ट. प्रज्ञा नववीत होती. घरी येऊन म्हणाली, "आज्जी, मॅडम म्हणल्या, मी वर्गात रॅप्ट असते." मला ऐकू आला रपाटा. पदर खोचला आणि शाळा गाठली.

"बाई, पोरीला कशापायी मारलं?"

"मारलं नाही हो आज्जी," मॅडम हसू दाबत म्हणाल्या. "रॅप्ट म्हणजे ऐकताना इतकं गुंगून जाणं, की आपण कुठं बसलोय तेही कळत नाही."

"मंग घरी हाक मारल्यावर ओ देत न्हाई, ते ह्याच्यामुळं व्हय?"

भांडायला गेले ती वर्गातच बसले. ॲब्सॉर्ब म्हणजे जिरणं, हे त्याच दिवशी कळलं. आपल्यात लोक एकमेकांची जिरवतात, इंग्रजीत माणूस आपणहून कामात जिरतो. मग आलं रॅप्चर. मला वाटलं, पंक्चरचा भाऊ असेल. तर म्हणे, मनात मावत नाही एवढा आनंद. रॅप्ट आणि रॅप्चर दोघं एकाच घरातले, मूळ अर्थ उचलून नेणं.

"आमच्या जुन्नरात ते काम बिबट्या करतो," मी म्हटलं. "त्याच्यात लई आनंद न्हाई, बाई."

मॅडम इतक्या हसल्या की हातातला खडू पडला. मी म्हटलं, "हे बगा, तुमचं झालं रॅप्चर."

आता बदलीने खुद्द मॅडमनाच उचलून नेलंय. अध्यक्ष महोदय परवा म्हणाले, शिकवायला माणूस नाही, वर्ग बंद करावा लागेल. सर, मान राखून विचारते, बिबट्याने एक शेरडू नेलं म्हणून आपण गोठा मोडतो का? मॅडम, शेरडू म्हटलं, राग मानू नका.

वर्ग आमच्या ओट्यावर बसेल. प्रज्ञा आता अवसरीच्या कॉलेजात आहे, रविवारी घरी येते. रविवारी ती शिकवील. बाकीचे दिवस पोरं वाचतील आणि मी राखण करीन. तिला विचारलं का? नाही. हे लिहिताना तिने मान वर करून पाहिलं. मी म्हटलं, लिही पुढं. आणि पुढं हे लिहायला लावलं, की पाटी घेऊन पहिल्या रांगेत मीही बसणार.

मॅडम, माझ्या पोरीला तुम्ही गुंगायला शिकवलं, त्याबद्दल गावाच्या वतीने आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. शुद्धलेखन चुकलं असेल तर प्रज्ञाला धरा.

एकच सांगणं. ईदला शीरखुर्मा पाठवायचा. खारीक बारीक कापा, माझे दात थोडेच उरलेत. डब्याच्या झाकणावर एक इंग्रजी शब्द लिहून पाठवा. मी तो वाचल्याशिवाय डबा कुणी उघडायचा नाही, असं घरात बजावून ठेवलंय. तेव्हा शब्द जरा लहान निवडा. शीरखुर्मा आंबायला नको.