निळी चकती

ताई : ...आणि पंच माझ्याकडे बघतायत, मी पिस्तुलाकडे बघतेय, आणि पिस्तूल ढिम्म. शेवटी वेळ संपली. सहा गोळ्या मॅगझिनमध्ये तशाच राहिल्या.

धाकटा : आधी बस. रिकामं आहे ना?

ताई : दोनदा बघितलंय, धर. स्पर्धेच्या ठिकाणी तोंड लपवायला तुझ्या या तेलकट दुरुस्तीच्या खोलीशिवाय जागा नाही, म्हणून आलेय. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दुरुस्त करून दे.

धाकटा : नेमकं काय झालं? पहिल्या सहा सुटल्या?

ताई : मस्त सुटल्या. मनगटसुद्धा दुखलं नाही. म्हटलं, आज दिवस आपला. मग मॅगझिन संपलं, वरची स्लाइड मागे जाऊन अडकली, नेहमीसारखी. नवीन मॅगझिन घातलं, स्लाइड धरून मागे ओढली. अशी जराशी ओढली की ती सुटते आणि पुढे येते. तीस वर्षं येतेय. आज केसभरही मागे सरकेना.

धाकटा : हं.

ताई : हं काय? आईचा आरसा फुटला तेव्हाही तू असाच हं म्हणाला होतास.

धाकटा : चहा घेतेस?

ताई : धाकट्या, काय केलंयस?

धाकटा : परवा साफ करायला दिलं होतंस ना, तेव्हा आत ही बसवली. थांब, उघडून दाखवतो. ही. निळी चकती.

ताई : बाबांच्या पिस्तुलात?

धाकटा : बफर म्हणतात याला. दर गोळीला स्लाइड मागे येते आणि लोखंड लोखंडावर आपटतं. मध्ये ही असली की मार ही खाते.

ताई : बाबांच्या पिस्तुलात, मला न विचारता.

धाकटा : विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस? मुठीचा एक गंजका स्क्रू बदलला होता, तर पंधरा दिवस अबोला धरलास. मधल्या मध्ये बायको माझे निरोप तुला पोचवत होती.

ताई : तो स्क्रू बाबांनी स्वतः बसवलेला होता.

धाकटा : बरं. आता इकडे बघ, भिंग घे. स्लाइड आपटते ती ही जागा. दिसतंय कसं चेपलंय?

ताई : ...हे कधीपासून?

धाकटा : वर्षानुवर्षांचं आहे. आणखी असंच चाललं तर इथून भेग जाईल. मग ते काचेच्या कपाटात ठेवायचं, बस. बघून मला दोन रात्री झोप नाही लागली. बाबांची एवढी एकच वस्तू तर आपण दोघं अजून वापरतो.

ताई : मग नीट करायचं होतंस. चालवून तरी बघायचंस.

धाकटा : पन्नास गोळ्या झाडल्या, एकदाही अडलं नाही. का ते आता कळलं. मी स्लाइड हाताने ओढत नाही, ती सोडायचा इथला हा खटका अंगठ्याने दाबतो. चकती आहे अडीच मिलिमीटर जाड. तेवढीच स्लाइड कमी मागे जाते. गोळ्या उडायला ते पुरतं. पण अडकल्यावर ओढून सोडवायला मागे जागाच उरत नाही. तू ओढतेस हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं, ताई.

ताई : सकाळपासून सहावी आहे मी. संघात चौघी घेतात. पुढच्या वर्षी हे मनगट मला येऊ देईल असं वाटत नाही, तुला म्हणून सांगते. मला एकदा तरी त्या संघात जायचंय रे.

धाकटा : चकती काढतो. दोन मिनिटांचं काम आहे.

ताई : आणि भेग?

धाकटा : आज नाही जाणार. बहुतेक.

ताई : तुझं हे बहुतेक माझ्या ओळखीचं आहे. नाहीतर काय करायचं?

धाकटा : चकती राहू दे, तू खटका दाब. अजून पाऊण तास आहे.

ताई : मी बाबांसारखंच करते. बाबांनी कधी खटक्याला हात लावलेला मी बघितला नाही. ऐटीत स्लाइड ओढायचे. मी आठ वर्षांची होते, आणि तेव्हाच ठरवलं की आपणही असंच करायचं.

धाकटा : खटका कुठल्या बाजूला आहे?

ताई : डाव्या.

धाकटा : आता पिस्तूल तुझ्या उजव्या हातात आहे, तर अंगठा कुठे येतो?

ताई : त्याच्यावरच.

धाकटा : ताई, बाबा डावखुरे होते.

ताई : होते. मग?

धाकटा : त्यांचा अंगठा पलीकडच्या बाजूला पडायचा. म्हणून ओढायचे. ऐट वगैरे काही नाही.

ताई : तीस वर्षं. अरे देवा. तीस वर्षं मी उजव्या हाताने डावखुरी वागतेय. आणि ते मला काही बोलले नाहीत?

धाकटा : सगळ्यांना सांगत सुटायचे, पोरगी हुबेहूब माझ्यासारखी करते म्हणून. कशाला बोलतील?

ताई : हसू नकोस. मलाही हसू येतंय आणि मला आत्ता रडायचंय. सरावाच्या खोट्या गोळ्या काढ. भर मॅगझिन. आणि माझा हात स्लाइडकडे गेला की फटका मार.

धाकटा : फूटपट्टीने मारू?

ताई : मार. लहानपणीचं सगळं वसूल कर.

(त्याच खोलीत, संध्याकाळी पाच.)

धाकटा : बोल की. दारात का उभी? बोर्डावर नाव लागलं का?

ताई : चौथं. एका गुणाने.

धाकटा : ये इकडे. अगं, रडतेस काय वेडे.

ताई : तीन फेऱ्या, तिन्ही वेळा अंगठा. एकदा हात मागे निघाला होता, पण तुझी फूटपट्टी आठवली. हाताच्या मागे वळ आहे, बघ. पंचांनी विचारलं काय लागलं, तर म्हटलं, घरगुती आहे.

धाकटा : पिस्तूल दे. चकतीचे तुकडे पडलेत का बघतो. फाटली की ती स्वतःच अडते, अधूनमधून बदलावी लागेल.

ताई : बदल. मला विचारून बदल, पण बदल.

धाकटा : विचारेन. इतका वेळ कुठे होतीस? निकाल चारलाच लागला ना?

ताई : बाकीच्या सगळ्या जणी गेल्यावर मैदानावर थांबले होते. पिस्तूल रिकामं केलं, पंचांना दाखवलं, आणि डाव्या हातात धरून बघितलं.

धाकटा : मग?

ताई : अंगठा खरंच पोचत नाही रे.